हप्ता थांबतो, व्याज नाही

अमरावती-अकोल्याहून नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात किंवा मुंबईच्या जे. जे. कला शाळेत (स्थापना १८५७) जाण्यासाठी शैक्षणिक कर्ज काढताना मोराटोरियम (हप्ते न भरण्याची मुदत) हा शब्द कानी पडतो. शिक्षणाचा काळ आणि बहुधा पुढचे एक वर्ष, एवढी ही मुदत असते. या काळात व्याजही लागत नाही, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात व्याज-अनुदान नसेल, तर ते पहिल्या रकमेपासूनच चढू लागते.

वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग आठवा. फळ चौथ्या-पाचव्या वर्षी येते. पाणी-खताचा खर्च मात्र लागवडीपासूनच सुरू असतो.

समजा, चार वर्षांच्या पदवीसाठी दरवर्षी सुरुवातीला १ लाख रुपये १० टक्के सरळव्याजाने घेतले. पाचव्या वर्षाअखेर व्याज १ लाख ४० हजार होते. एकूण ५ लाख ४० हजार पुढे त्याच दराने दहा वर्षांत फेडायचे, तर मासिक हप्ता सुमारे ७,१०० रुपये येतो.

हा हप्ता कशाशी ताडायचा? सरासरी पगार फसवा ठरू शकतो. पाच पदवीधर महिन्याला १२, १५, १८, २० आणि ८५ हजार कमावत असतील, तर सरासरी ३० हजार निघते. मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) मात्र १८ हजारच. म्हणून महाविद्यालयाला मध्यक विचारावा. कला शिकावीच, शक्य असल्यास शिकतानाच व्याज भरत राहावे, म्हणजे पुढचा भार हलका होतो.