राणीछाप कुठे गेला?

पोलादपूर-महाडकडच्या घरांत जुनी नाणी दोन जागी असतात, चिल्लरच्या डब्यात आणि देवघरात. चांदी हवी असेल तर डबा उपडा करून उपयोग नाही. त्यातली चांदी दुसऱ्या महायुद्धातच निघून गेली.

व्हिक्टोरियाचा राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदी. सातव्या एडवर्डचा आणि पाचव्या जॉर्जचा रुपयाही तसाच. लढाई पेटली आणि लोक बंदे रुपये दाबून बसले. तेव्हा १९४० साली सरकारने एक रुपयाची नोट काढली, नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि पुढच्या काही वर्षांत जुने रुपये चलनातून बाद केले. बाद झालेले सगळेच काही परत गेले नाहीत. काही सोनाराच्या मुशीत वितळले, काही लक्ष्मीपूजनाच्या ताटात बसले. १९४७चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. दोन्हींवर मुद्रा सहाव्या जॉर्जचीच, पण १९४५च्या रुपयात सुमारे ५.८३ ग्रॅम चांदी आणि याच्यात शून्य! लोहचुंबक लावा, निकेलचा लगेच चिकटतो.

चांदीच्या रुपयांतही सालाला महत्त्व आहे. १९११च्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२मध्ये हत्तीची सोंड नीट दिसेल असा ठसा बदलला. म्हणून देवघरातला जॉर्जछाप १९११चा निघाला तर तो सराफाच्या तराजूवर टाकू नये. आणि रांगोळीने घासू तर मुळीच नये. चकाकी येते, पण ठसा झिजतो आणि संग्राहक पाठ फिरवतो.

डब्यात उरतं ते वेगळंच. भोकाचा पैसा, १९५७ नंतरचे नये पैसे, ३० जून २०११ला बाद झालेली चार आण्यांची नाणी. सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर मुंबईची टाकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा; काहीच नसेल तर कोलकाता. ही मौज अभ्यासाची आहे, पैशाची नाही. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देऊ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या नावाखाली चाललेल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेच २०२१मध्ये सावध केलं होतं.

रायगडाच्या पायथ्याला राहणाऱ्यांचं मन मात्र शिवराईत अडकलेलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. पण तांब्याची शिवराई महाराजांनंतरही सुमारे दीडशे वर्षं पाडली जात होती, त्यामुळे घरातली प्रत्येक शिवराई १६७४च्या राज्याभिषेकाशी जोडणं भाबडेपणाचं आहे. वजन, अक्षरांचं वळण आणि ठशाची घडण पाहूनच काळ ठरतो. ती नांगरताना जमिनीतून निघाली असेल तर गोष्ट आणखी निराळी. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं १८७८चा कायदा सांगतो.