'एक दिवसाचं पिल्लू' नक्की किती तासांचं?

गेल्या पावसाळ्यात मावशीनं तालुक्याच्या गावी पशुखाद्याच्या दुकानातून कोंबडीची पंचवीस पिल्लं आणली. चौथ्या दिवशी सकाळी चौदाच उरली. "तू कोंबड्यांवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, माझं काय चुकलं?" बल्ब लावला होता, भाताचं तूस कोरडं होतं, पाणी स्वच्छ होतं. मी विचारलं, पिल्लं दुकानात कधी आली होती? "ते कोण विचारतं! एक दिवसाची आहेत म्हणाला."

घोळ त्या 'एक दिवसा'तच आहे. कोंबडीची अंडी साधारण 21 दिवसांनी फुटतात, पण यंत्रातली सगळी एकदम नाही. पहिलं आणि शेवटचं पिल्लू यांत 24 ते 36 तासांचं अंतर पडू शकतं. हॅचरीत मात्र बहुतेक पिल्लं बाहेर येऊन सुकली की ट्रे एकदमच काढतात. म्हणजे सगळ्यात आधी आलेलं पिल्लू तिथेच दिवसभर उपाशी असतं. पुढे निवड, लस, खोकी, रात्रीचा टेम्पो आणि मग दुकान. वय मात्र सगळ्यांचं एकच सांगतात.

तरी ती जगतात, कारण शिदोरी पोटात असते. अंडं फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी पिल्लू उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढून घेतं. जन्मतः त्याच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के हा बलकच असतो. याच जोरावर अमेरिकेत 1918 पासून पिल्लं चक्क टपालानं जातात.

यावरून 'दोन दिवस काही दिलं नाही तरी चालतं' असा समज रूढ झाला, आणि तो मला अजिबात पटत नाही. उपाशी पिल्लू बलक जास्त वेगानं वापरत असेल असं वाटतं ना? प्रयोगांत उलटं दिसलं. पोटात दाणा गेला की आतडं हलायला लागतं, आणि त्या हालचालीनं बलक आतड्यात उतरतो. उपाशी पिल्लात तो रेंगाळतो. शिवाय बलकात आईकडून आलेली प्रतिपिंडं असतात, ती काही नुसतं इंधन म्हणून जाळायची वस्तू नव्हे. आतड्याची वाढही याच पहिल्या दिवसांत सगळ्यात जोरात होते. उशीर झाला की ती मागे पडते.

त्यात बेंबी नीट मिटलेली नसेल तर जंतू आत शिरतात आणि त्यांना आयता बलक मिळतो. मावशीची मेलेली पिल्लं पोट फुगलेली आणि वास येणारी होती. फोनवरून निदान करू नये हे मला कळतं, पण लक्षणं तीच.

म्हणून भाव विचारण्याआधी टेम्पो कधी आला ते विचारा. पिल्लू उलटं धरून बेंबी बघा. ती कोरडी आणि मिटलेली हवी, काळी खपली किंवा ओल नको. पायाची कातडी सुकून सुरकुतली असेल तर पिल्लाला पाण्याची टंचाई झालेली आहे. मरेक्सची लस हॅचरीतच, पहिल्या दिवशी देतात, तेव्हा तीही विचारून घ्या. घरी आणल्यावर आधी कोमट गूळपाणी, मग लगेच भरडा. ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर 33 ते 35 अंश ऊब हवी.

बदकाची पिल्लं घेणार असाल तर एक वेगळी काळजी. त्याच दुकानातलं जुनं, बुरसटलेलं खाद्य कोंबडी एखाद्या वेळी पचवेल, बदक नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की दगावल्या, बदकाची पिल्लंही गेली. कारण निघालं भुईमुगाच्या पेंडीतली बुरशी, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक की पुढे विष तपासायलाच ते वापरत. तेव्हा पोत्यात हात घालून वास घ्या. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

यंदा मावशीनं टेम्पोची वेळ विचारून घेतली आणि पहाटे साडेपाचला दुकानाच्या शटरसमोर जाऊन उभी राहिली. आता दोन आठवडे झालेत, पंचविसातली तेवीस आहेत.