वस्तीवर आलेलं कुत्रं: भाकर टाकली की जबाबदारीही आली



हायवेच्या कडेला किंवा गावाबाहेर ज्यांची वस्ती आहे, त्यांना हे नवीन नाही. एखादी गाडी थांबते, कुत्रं उतरवून निघून जाते. कधी पोत्यात घालून सोडलेली पिल्लं बांधावर सापडतात. घरातलं कुणीतरी भाकरीचा तुकडा टाकतं आणि आठ दिवसांत ते कुत्रं आपल्या वस्तीचं होऊन बसतं.

तसं ते कामाचंच असतं. मक्यात रानडुक्कर शिरलं, रात्री विहिरीवर मोटारीच्या केबलजवळ कुणी आलं, तर पहिली बातमी तेच देतं. पण लस न दिलेलं, मोकाट फिरणारं, दर सहा-आठ महिन्यांनी विणारं कुत्रं राखणीपेक्षा घोरच जास्त लावतं. कुत्रं गावठी आहे की जातीचं, याने फार फरक पडत नाही. पहिल्या महिन्यात आपण काय करतो, त्यावर पुढचं ठरतं.

*पहिले पंधरा दिवस*

टाकून दिलेलं कुत्रं घाबरलेलं असतं आणि घाबरलेलं कुत्रंच जास्त चावतं. घरातल्या एकाच माणसाने रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी खायला द्यावं. खाताना, झोपलेलं असताना किंवा पिल्लांजवळ असताना लेकरांनी त्याला हात लावू नये. कोंबड्या-शेळ्यांशी ओळख करून देताना दोरी हातात ठेवा. करडामागे एकदा धावलं आणि आपण हसून सोडून दिलं, की ती खोड लागते.

नुसत्या ताक-भाकरीवर कुत्र्याचं भागत नाही. उकडलेलं अंडं, डाळ, शिजवलेलं मांस यातलं काहीतरी जोडीला हवं. कोंबडीची शिजवलेली हाडं देऊ नका, ती टोकदार तुटून आतड्यात रुततात.

*रेबीज: इथे हयगय नको*

पिल्लू ३ महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग पशुवैद्यक सांगतील तसा बूस्टर आणि पुढे दरवर्षी. मोठं कुत्रं आलं असेल तर त्याचं वय न बघता लगेच लस द्या. मात्र आधीच लागण झालेली असेल तर लसीने ती जात नाही, आणि लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. म्हणून नव्या कुत्र्याच्या वागण्यावर लक्ष ठेवा. लाळ गळणं, आवाज घोगरा होणं, खालचा जबडा लोंबणं, झोकांड्या खाणं, विनाकारण चावायला धावणं किंवा अचानक गप्प होऊन कोपऱ्यात बसणं, यातलं काही दिसलं तर जवळ जाऊ नका. पशुवैद्यकांना फोन करा.

माणसाला कुत्रं चावलं किंवा ओरखडलं तर:
• जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा.
• हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नका.
• त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रक्त आलं असेल तर लसीसोबत जखमेत सीरमचं इंजेक्शनही लागतं.
• कुत्रं घरचं आहे, लस दिलेलं आहे किंवा अगदी लहान पिल्लू आहे म्हणून थांबू नका. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायचीच, पण तोवर आपली लस थांबवायची नाही.
• डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक तारीख पाळा. लक्षणं सुरू झाल्यावर या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

*गोठ्यात काय सांभाळायचं*

रेबीज गाई-म्हशींनाही होतो. जनावर खात नाही, लाळ गाळतंय, सारखं हंबरतंय असं दिसलं की आपल्याला वाटतं घशात काहीतरी अडकलं, आणि आपण तोंडात हात घालतो. असं करू नका. आधी पशुवैद्यकांना बोलवा.

गाय व्याल्यावर पडलेली जार किंवा गाभडलेलं वासरू कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. खोल खड्डा घेऊन पुरा. त्यातून कुत्र्याला निओस्पोरा नावाच्या परजीवीची लागण होऊ शकते. मग कुत्र्याची विष्ठा चाऱ्यात किंवा पाण्यात गेली, की गाई गाभडू शकतात. बोकड कापल्यावर कच्चं काळीज-फुफ्फुसही कुत्र्याला टाकू नका. त्यातल्या जंतांमुळे पुढे माणसाच्या यकृतात गाठी होतात. जंताचं औषध पशुवैद्यकांना विचारून ठरल्या वेळी द्या.

*बिबट्याचा पट्टा असेल तर*

अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. उघड्या अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, उलट बिबट्याला दारापर्यंत बोलावतं. रात्री त्याला चारी बाजूंनी बंद, पक्क्या जाळीच्या जागेत ठेवा. मेलेल्या कोंबड्या आणि उष्टं वस्तीजवळ टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि त्यांच्या मागे बिबट्या येतो.

*आपल्याच रानातलं विष*

उंदरांसाठी ठेवलेलं आमिष, औषधाची रिकामी डबडी, फवारणीच्या टाकीतलं उरलेलं पाणी, यामुळे कुत्री मरतात. गोचीड झाले म्हणून पिकावरचं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर ओतू नका. कुत्र्यासाठीचं औषध वेगळं मिळतं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. बेदाण्याच्या शेडवर आणि कांद्याच्या चाळीवर कुत्रं असेल तर लक्ष ठेवा. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला आपल्या मनाने देऊ नका.

*पिल्लांचं काय करणार?*

कुत्री साधारण दोन महिन्यांत विते आणि एका वेळेला चार-सहा पिल्लं होतात. ती मोठी झाली की आपणच कुठेतरी नेऊन सोडणार, म्हणजे हायवेवरच्या त्या गाडीवाल्यानं केलं तेच आपण करणार. उपाशीपोटी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. विष घालणंही गुन्हाच. खरा इलाज नसबंदीचा. नर-मादी दोघांचीही होते. नसबंदीमुळे कुत्रं राखण सोडत नाही, नराचं भटकणं आणि भांडणं मात्र सहसा कमी होतात.

एकट्याला हे सगळं जड जात असेल तर शिवारातल्या पाच-दहा वस्त्यांनी मिळून एक दिवस ठरवा. पशुवैद्यकांना बोलावून सगळ्या कुत्र्यांना एकदमच लस द्या. एका वस्तीवरचं कुत्रं सुटलं तर धोका सगळ्यांनाच राहतो. लसीची तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी आठवण राहील.

आपला मेसेज शेजारच्या वस्तीवरही पोचवा.