सोपा विषय, कठीण विषय

बारावीचा निकाल लागला की आमच्या इंदूरच्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास कानी येतो : "सर, पदवीला कोणता विषय घ्यावा? फार कठीण तर जाणार नाही ना?" मध्य प्रदेशात २०२१ पासून पहिल्याच वर्षी 'मेजर', म्हणजे मुख्य विषय, ठरवावा लागतो. त्यामुळे पालकांची घाई आणखीच वाढली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेतील एका विद्यार्थ्यास गणितात शंभरापैकी अठ्ठ्याण्णव गुण पडले. "दुसरा विचारच करू नका," असे त्याच्या वडिलांना मीच सांगितले. दिवाळीत मुलगा भेटला तो उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाला, "सर, तिथे गणिते सोडवायला देतच नाहीत. सिद्ध करा म्हणतात." त्याचे खरे होते. शाळेत सूत्र लावून उत्तर काढले की काम झाले. महाविद्यालयात ते सूत्र खरे का, हे एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्येपासून पायरीपायरीने दाखवावे लागते. एक आठवडा बुडाला की पुढचे सारेच अधांतरी. गुणपत्रिकेने जे मोजले होते, ते तेथे कोणी मागतच नव्हते.

रसायनशास्त्राची अडचण निराळी. तेथे प्रयोगशाळा दुपारच्या दुपारी खाते. अर्थशास्त्र 'आर्ट्‌सचे' म्हणून घेणाऱ्यास लवकरच संख्याशास्त्राशी गाठ घालावी लागते.

आणि मराठी? ती सोपी, या समजुतीने मीही एम. ए. ला घेतली होती. घरचीच भाषा, त्यात काय अवघड! तोच शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीची भाषा पुढे आली आणि पाठोपाठ भाषाविज्ञान. हिंदी मुलखात वाढलेल्या माझ्या घरगुती मराठीची तेथे डाळ शिजली नाही. शिवाय अशा विषयांत एक फसवी सोय असते : तयार टिपणे पाठ करून उत्तीर्ण होता येते आणि आपणांस काहीच आले नाही, हे वर्षानुवर्षे कळत नाही. गणित निदान तोंडावर सांगते.

म्हणून आता मी पालकांस म्हणतो, गुणपत्रिका बाजूस ठेवा. तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम व जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. त्यांतील एखादे पुस्तक ग्रंथालयातून आणून मुलास एक रविवार त्यासमवेत बसू द्या. सारे कळणार नाहीच. पण अडल्यावर तो पान उलटतो, की पुन्हा मागे जाऊन वाचतो, हे पाहावे. त्या विषयाच्या विद्यार्थ्याशीही बोलावे, मात्र पहिला आलेल्याशी नव्हे, मधल्या गुणांच्याशी. खरी अडचण तोच सांगेल.

माझ्या त्या विद्यार्थ्याने पुढल्या वर्षी विषय बदलला. एक वर्ष गेले. त्याचे वडील अद्यापि राजवाड्यापाशी भेटले की आदराने नमस्कार करतात. तो स्वीकारताना मला मात्र अवघडल्यासारखे होते.