आयरोकाकांचं गाणं

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचं दुसरं पर्व ऐन रंगात आलेलं असताना, २९ सप्टेंबर २००६ रोजी, निकेलोडियन वाहिनीवर तिचा एक वेगळाच भाग दाखवला गेला. त्याचं नाव होतं ‘द टेल्स ऑफ बा सिंग से’. कथानक तेव्हा अगदी ताणलेलं होतं. मालिकेचा नायक आंग याचा जिवलग सोबती आप्पा, म्हणजे सहा पायांचा उडता बायसन, वाळवंटातून चोरीला गेला होता. अग्निराष्ट्राचं युद्ध संपलेलं नव्हतं आणि अग्निराष्ट्राशी लढणाऱ्या राज्याच्या बा सिंग से या राजधानीत मात्र युद्धाचा उच्चार करायलाही बंदी होती. ती बंदी राबवणाऱ्या गुप्त पोलिसांना मालिकेत ‘दाय ली’ म्हणतात. हे नाव खऱ्या इतिहासातलं आहे. चीनमधल्या राष्ट्रवादी सरकारच्या गुप्तहेर खात्याचा जो प्रमुख १९४६ साली विमान अपघातात मेला, त्याचं नाव दाय ली होतं.

इतक्या घडामोडी चालू असताना कर्त्यांनी कथा जागच्या जागी थांबवली आणि एका शहरातल्या सहा छोट्या गोष्टी सांगितल्या. आंगच्या सोबतिणी टॉफ आणि कटारा मिळून एका गोष्टीत, मग आयरो, आंग, त्याचा मित्र सोक्का, आयरोचा पुतण्या झुको आणि शेवटी लेमूर मोमो.

या भागाच्या श्रेयनामावलीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण ती वाचण्यासारखी आहे. दिग्दर्शक एकच, ईथन स्पॉल्डिंग. लेखक मात्र आठ. टॉफ-कटाराची गोष्ट जोॲन एस्टोएस्टा आणि लिसा वाह्लँडर यांची, आयरोची अँड्र्यू ह्यूब्नर यांची, आंगची गॅरी शेपके यांची, झुकोची केटी मॅटिला यांची. मोमोची गोष्ट जस्टिन रिज आणि जिआनकार्लो व्होल्पे यांनी लिहिली. यातले व्होल्पे हे याच मालिकेच्या इतर भागांचे एक दिग्दर्शक. सोक्काची गोष्ट लिहिणाऱ्या लॉरेन मॅकमलन यांनीही पहिल्या पर्वातले भाग दिग्दर्शित केले होते. म्हणजे एरवी दुसऱ्याच्या संहितेला चित्ररूप देणाऱ्या माणसांच्या हाती इथे लेखणी आली. मोमोच्या गोष्टीत ते स्पष्ट दिसतं. त्या माकडासारख्या लेमूरला बोलता येत नाही, त्यामुळे सगळी गोष्ट हालचालींवर आणि नजरेवर उभी आहे. ती चित्र काढणाऱ्यांनाच सुचावी अशी आहे.

सोक्काच्या गोष्टीत एक गंमत दडलेली आहे. तो चुकून मुलींच्या हायकूवर्गात जाऊन पडतो आणि तिथल्या बाईंशी त्याचा काव्यसामना रंगतो. पाच-सात-पाच अशा अक्षरांच्या बंधनात तो बराच वेळ टिकतो, पण अखेर भरात येऊन एक अक्षर जास्त बोलतो आणि तिथला दांडगा पहारेकरी त्याला उचलून बाहेर फेकतो. त्या बाईंचं नाव आहे माकमू-लिंग. लेखिकेचं आडनाव मॅकमलन! पुढे याच मॅकमलन यांनी डिस्नेसाठी ‘गेट अ हॉर्स!’ हा लघुपट दिग्दर्शित केला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

तरीही हा भाग लोकांच्या मनात राहिला तो आयरोच्या गोष्टीमुळे. ती जेमतेम तीन-चार मिनिटांची आहे.

आयरो हे झुकोचे काका, अग्निराष्ट्राचे जुने सेनापती. याच बा सिंग सेला त्यांनी एकेकाळी सहाशे दिवस वेढा घातला होता. बाहेरची तटबंदी फुटलीही होती. पण त्या लढाईत त्यांचा मुलगा लू टेन मारला गेला आणि त्यांनी वेढा उठवला. आता ते त्याच शहरात निर्वासित म्हणून राहतात, चहाच्या दुकानात काम करतात. गोष्ट सुरू होते तेव्हा ते बाजारात एक टोपली विकत घेतात. दुकानदाराला सहज सांगतात, या फुलाला थोडी सावली लागते. पुढे रडणारं लहान पोर दिसतं, तर एक तंतुवाद्य उचलून त्याला गाणं म्हणून हसवतात. चेंडू खेळणारी मुलं खिडकीची काच फोडतात, त्यांना चूक कबूल करावी असा उपदेश करतात. घरमालकाचा अवतार पाहिल्यावर मात्र स्वतःच त्यांना पळायला सांगतात. गल्लीत एक तरुण त्यांना लुटायला येतो. त्याचा पवित्रा चुकलेला आहे हे ते दाखवून देतात, तो सुधारून देतात, मग त्याला चहा पाजतात आणि मालिशवाला होण्याचं त्याचं स्वप्न ऐकून घेतात.

लहान पोर, मग खेळकर मुलं, मग वाट चुकलेला तरुण. त्या दिवशी त्यांना भेटणाऱ्यांचं वय पायरीपायरीने वाढत जातं. प्रेक्षकाच्या हे लक्षात येत नाही, यायलाही नको. शेवटी ते टेकडीवर एका झाडाखाली टोपली उघडतात आणि मुलाचं चित्र मांडतात, उदबत्ती लावतात. आज लू टेनचा वाढदिवस आहे, हे आपल्याला तिथे कळतं. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरातला वडीलधारा माणूस सकाळपासून शांतपणे आपली कामं उरकत राहतो, तशी ही सगळी दुपार गेली होती. रडक्या पोरासाठी म्हटलेलंच गाणं ते पुन्हा म्हणतात आणि या वेळी त्यांचा आवाज फुटतो. जेरेमी झुकरमन यांनी चाल दिलेलं ते गाणं, ‘लीव्ह्ज फ्रॉम द व्हाइन’, घरी परतणाऱ्या छोट्या शिपायाचं आहे. पहिल्यांदा ते अंगाईसारखं वाटतं. दुसऱ्यांदा शब्द तेच असतात आणि ऐकवत नाहीत.

यानंतर पडद्यावर अर्पणपत्रिका येते, माको यांच्या सन्मानार्थ. आयरोकाकांना आवाज देणारे माको २१ जुलै २००६ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले होते. भाग दाखवला गेला तो त्यानंतर दोन महिन्यांनी.

माकोतो इवामात्सु यांचा जन्म १९३३ साली कोबेचा. आई-वडील दोघेही चित्रकार. जपानी लष्करशाहीला विरोध केला म्हणून दोघांनीही तुरुंगवास भोगला होता. १९३९ साली ते अमेरिकेला गेले तेव्हा माको जपानमध्ये आजी-आजोबांकडे राहिले आणि युद्ध संपल्यावर, १९४९ साली, आई-वडिलांकडे पोहोचले. ‘तारो याशिमा’ या नावाने मुलांची चित्रपुस्तकं लिहिणारे ते त्यांचे वडील. ‘द सँड पेबल्स’ या १९६६ सालच्या चित्रपटासाठी माकोंना साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्याआधीच, १९६५ साली, त्यांनी काही सहकाऱ्यांसोबत लॉस एंजेलिसमध्ये ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही नाट्यसंस्था उभी केली होती. आशियाई नटांच्या वाट्याला तेव्हा ठरावीक साच्याच्या भूमिका येत, आणि ही संस्था त्याला दिलेलं उत्तर होती. १९७६ साली ब्रॉडवेवर ‘पॅसिफिक ओव्हर्चर्स’ या संगीतिकेत ते सूत्रधार झाले आणि टोनी पुरस्काराच्या नामांकनापर्यंत पोहोचले. म्हणजे टेकडीवरचं गाणं म्हणणारा माणूस रंगभूमीवर घडलेला होता. गळा कुठे सोडायचा आणि कुठे आवरायचा, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

माकोंच्या निधनामुळेच ही गोष्ट इतकी भिडते, असं म्हणणं सोपं आहे, पण ते लेखकावर अन्याय करणारं आहे. अर्पणपत्रिका वाचण्याआधीच प्रेक्षकाचे डोळे भरलेले असतात. मुलाचं नावही न काढता आधीची तीन मिनिटं रचण्याचं काम ह्यूब्नर आणि स्पॉल्डिंग यांनी आधीच केलेलं होतं.

तिसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला, झुकोने साथ सोडल्यावर, आयरो तुरुंगात आहेत आणि झुको भेटायला आला तरी बोलत नाहीत. कथेच्या दृष्टीने तो राग अगदी योग्य आहे. जेव्हा ते पुन्हा बोलतात तेव्हा आवाज ग्रेग बाल्डविन यांचा असतो. माकोंची लय इतकी जवळून पकडलेली, की बदल अनेकांना जाणवलाच नाही. ‘सामुराई जॅक’मधला राक्षस आकूही माकोंचाच होता, आणि २०१७ साली ती मालिका परतली तेव्हा तिथेही बाल्डविनच आले. ‘द लेजंड ऑफ कोरा’ या पुढच्या मालिकेत एका नायकाला माको हे नाव दिलं गेलं. तीत आयरो नावाचा तरुण सेनापतीही आहे आणि त्याचा आवाज डान्टे बास्को यांचा आहे. मूळ मालिकेत झुकोला, म्हणजे काकांच्या लाडक्या पुतण्याला, त्यांनीच आवाज दिला होता.

२०२४ साली नेटफ्लिक्सने खरे नट घेऊन ही कथा पुन्हा केली. तिथे लू टेनचा अंत्यविधी दाखवला आहे आणि त्या प्रसंगामागे याच गाण्याची धून, शब्दांवाचून, वाजते. प्रसंग चांगला वठला आहे. पण अंत्यविधीला प्रेक्षक रडायच्या तयारीनेच बसलेला असतो. मूळ गोष्टीत तो एका म्हाताऱ्याबरोबर फक्त बाजारात निघालेला होता.