पाठीवरचा स्टोव्ह : हलक्या पदभ्रमण-स्टोव्हची व त्यांच्या उपसाधनांची चाचणी

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत गिर्यारोहण मंडळे कार्यरत आहेत. सह्याद्रीतील दुर्गभ्रमणापासून हिमालयातील दीर्घ पदयात्रेपर्यंतचे उपक्रम विद्यार्थी हाती घेतात आणि त्यांच्या सुरक्षिततेचे उत्तरदायित्व बहुधा एखाद्या प्राध्यापकाकडे येते. दोर, तंबू, पादत्राणे यांची निवड करताना जी दक्षता घेतली जाते, ती स्टोव्हच्या बाबतीत क्वचितच घेतली जाते. पाकिटावर छापलेली 'एक लिटर पाणी इतक्या मिनिटांत उकळते' ही माहिती वाचून खरेदी होते. हा आकडा खोटा नसतो. परंतु तो बंद खोलीत, वारा नसताना, नव्या कोऱ्या डब्यावर मिळालेला असतो. डोंगराच्या धारेवर यांपैकी एकही परिस्थिती नसते.

स्टोव्ह ही एकटी वस्तू नसून बर्नर, इंधन, भांडे, झाकण, वाऱ्याचा आडोसा आणि वायसर यांची मिळून बनलेली एक व्यवस्था आहे. म्हणून चाचणी या संपूर्ण व्यवस्थेचीच व्हावयास हवी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अशी चाचणी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या साधनांनी कशी करता येते, याचेही विवेचन येथे केले आहे.

इतिहासातील काही धडे

स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह बाजारात आणला. त्यात वातीऐवजी पंपाच्या दाबाने वर चढणारे रॉकेल तापलेल्या नळीत वायुरूप होते व निळ्या ज्योतीने जळते. आपल्याकडे घरोघरी परिचित झालेला पंपाचा स्टोव्ह तो हाच. फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळातील आपल्या उत्तर ध्रुवीय मोहिमेत प्रायमसवर एक विशेष भांडे बसविले. ज्योतीचे उष्ण वायू आतील भांड्याच्या बाजूंनी फिरवून बाहेरच्या भांड्यातील बर्फही वितळविण्याची त्यात योजना होती. भांडे हे स्टोव्हचेच अंग आहे, हा विचार येथे स्पष्टपणे दिसतो.

दुसरा धडा दुःखद आहे. रॉबर्ट स्कॉट व त्यांचे सहकारी जानेवारी १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परतीच्या वाटेवर साठवणीच्या ठिकाणी ठेवलेल्या डब्यांतील रॉकेल अपेक्षेपेक्षा कमी भरले. कडाक्याच्या थंडीत डब्यांच्या तोंडाशी असलेले चामड्याचे वायसर निकामी होऊन इंधन निसटले, असे सामान्यतः मानले जाते. पथकाच्या अंताची कारणे अनेक होती. तथापि इंधन नाही म्हणजे पाणी नाही आणि ऊनही नाही, ही त्यांतील एक कठोर साखळी होती. पुढच्या मोठ्या साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर त्यांचा शेवटचा तळ पडला. रोआल्ड आमुंडसेन यांनी मात्र आपल्या डब्यांची तोंडे डाख देऊन बंद केली होती.

तिसरे उदाहरण एव्हरेस्टचे. मे १९५२ मध्ये स्विस मोहिमेतील रेमंड लॅम्बर्ट व तेनझिंग नोर्गे यांना सुमारे ८४०० मीटर उंचीवर स्टोव्हविना रात्र काढावी लागली. मेणबत्तीच्या ज्योतीवर त्यांनी थोडासा बर्फ वितळविला. शरीरातील पाणी घटणे हे उंचावरील अपयशाचे मोठे कारण आहे, हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी आग्रहाने मांडले. १९५३ च्या यशस्वी मोहिमेत प्रत्येकाला दररोज सुमारे ३ लिटर द्रवपदार्थ मिळावेत, असा त्यांचा कटाक्ष होता आणि स्टोव्हच्या सिद्धतेकडे त्या दृष्टीने लक्ष पुरविले गेले. शिखराच्या दिवशी पहाटे हिलरी यांचे गोठलेले बूट स्टोव्हवरच मऊ करावे लागले होते.

पुढे १९६९ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे लॅरी पेनबर्थी यांनी 'माउंटन सेफ्टी रिसर्च' ही संस्था गिर्यारोहण साहित्याच्या चाचण्यांसाठी सुरू केली. तिने १९७३ मध्ये आणलेल्या स्टोव्हमध्ये बर्नर इंधनापासून दूर ठेवला होता आणि वाऱ्याचा आडोसा हा त्या रचनेचाच भाग होता.

इंधन आणि उष्णतेचा हिशेब

एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. शून्य अंशाचा एक किलो बर्फ केवळ वितळविण्यासही ३३४ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ तितकीच उष्णता खर्च होते. पाच हजार मीटर उंचीवर पाणी सुमारे ८३ अंशांवर उकळते. परंतु उणे १० अंशांच्या बर्फापासून आरंभ केल्यास तेथेही एका लिटरमागे सुमारे ७०० किलोज्यूल लागतात. झऱ्याच्या पाण्यावर आधारलेला इंधनाचा अंदाज बर्फाच्या प्रदेशात निम्म्याने चुकतो, तो यामुळे.

प्रत्येक ग्रॅम इंधनातून मिळणारी उष्णता वेगवेगळी असते. प्रतिकिलो द्रवीभूत गॅसमधून सुमारे ४६, रॉकेलमधून ४३, हेक्झामाईनच्या घन गोळ्यांतून ३० आणि शुद्ध इथेनॉलमधून सुमारे २७ मेगाज्यूल उष्णता मिळते. पन्नास टक्के कार्यक्षमता गृहीत धरल्यास वरील एक लिटर पाण्यासाठी गॅस १५ ग्रॅम, रॉकेल १६ ग्रॅम, हेक्झामाईन २२ ग्रॅम आणि इथेनॉल २५ ग्रॅम लागेल. बाजारातील स्पिरिटमध्ये पाण्याचा अंश असल्याने ते थोडे अधिक लागते. स्पिरिटचा स्टोव्ह स्वतः अत्यंत हलका असतो, त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामास तो सोयीचा ठरतो. आठवड्याच्या भ्रमंतीत मात्र इंधनाचे ओझे स्टोव्हच्या हलकेपणावर मात करते.

कॅनिस्टर म्हणजे द्रवीभूत गॅसचा पत्र्याचा बंद डबा. त्यातील घटकांचे उत्कलनबिंदू भिन्न आहेत : प्रोपेन उणे ४२, आयसोब्युटेन सुमारे उणे १२ आणि नॉर्मल ब्युटेन उणे ०.५ अंश. मिश्रणातील प्रोपेन तुलनेने लवकर संपतो व ब्युटेनचे प्रमाण वाढत जाते. शिवाय बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता द्रवातूनच घेतली जात असल्याने डबा स्वतःच थंड होत जातो. परिणामी जो स्टोव्ह पहिल्या दिवशी उत्तम चालतो, तोच डबा एकतृतीयांश उरला असता थंडीत क्षीण होतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने ब्युटेनचा उत्कलनबिंदूही खाली येतो. पाच हजार मीटरवर तो सुमारे उणे १७ अंश होतो, ही त्यातील अनुकूल बाब. सह्याद्रीतील हिवाळ्यात ब्युटेनची अडचण सहसा येत नाही. तेथील खरा शत्रू वारा हा आहे.

उपसाधनांचे कार्य

आडोसा : वाऱ्याने ज्योत तिरपी होते, उष्ण वायू भांड्याला स्पर्श न करताच निघून जातात आणि तापलेले भांडेही थंड होत राहते. पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्याचा काही ग्रॅम वजनाचा आडोसा हे नुकसान मोठ्या प्रमाणात टाळतो. मात्र डब्यावरच बसविलेल्या बर्नरभोवती तो पूर्ण गुंडाळल्यास परावर्तित उष्णतेने डबा तापतो व स्फोटाचा धोका उद्भवतो. अशा स्टोव्हला एक बाजू मोकळी ठेवूनच आडोसा करावा आणि डबा हाताला गार लागतो ना, हे वारंवार पाहावे. ज्यांचा बर्नर नळीने डब्यापासून दूर असतो, त्यांना पूर्ण आडोसा चालतो.

भांडे व झाकण : रुंद बुडाचे पातेले ज्योतीतील अधिक उष्णता पकडते; उंच व अरुंद भांड्याच्या कडेने ती निसटते. बुडाशी धातूच्या पट्ट्यांचे कडे असलेली भांडी २००४ मध्ये जेटबॉइल या स्टोव्हमुळे विशेष प्रचारात आली. या पट्ट्या उष्णता घेणारे पृष्ठफळ वाढवितात. झाकण हे सर्वांत स्वस्त उपसाधन असून त्याविना केलेली तुलना निरर्थक ठरते.

लहान वस्तू : पंपाच्या स्टोव्हला सुटे वायसर, नळीचे छिद्र साफ करणारी पिन आणि पूर्वतापनासाठी काकडा किंवा थोडे स्पिरिट लागते. गॅसच्या स्टोव्हवरील ठिणगीचे बटण दमट हवेत व उंचीवर दगा देऊ शकते; म्हणून आगपेटी कोरडी ठेवून बरोबर न्यावीच. स्कॉट यांच्या डब्यांची कथा स्मरल्यास या वस्तूंना क्षुल्लक म्हणता येणार नाही.

चाचणीची पद्धत

या चाचणीस भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक ग्रॅमपर्यंत अचूक तराजू, तापमापक, घड्याळ व टेबलपंखा एवढी साधने पुरेशी आहेत. चाचणी उघड्या व्हरांड्यात, ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर घ्यावी.

१. इंधनासह स्टोव्हचे वजन करावे. एक किलो पाणी मोजून भांड्यात घ्यावे व त्याचे तापमान नोंदवावे.

२. 'उकळी आली' हा क्षण प्रत्येक निरीक्षक वेगळा ठरवितो आणि उकळण्याचे तापमान उंचीनुसार बदलते. म्हणून ९० अंश हे निश्चित अंतिम तापमान धरावे.

३. ज्योत विझवून, स्टोव्ह निवल्यावर पुन्हा वजन करावे. दोन वजनांतील फरक म्हणजे जळालेले इंधन.

४. एका वेळी एकच घटक बदलावा : पूर्ण ज्योत व मध्यम ज्योत, झाकण असताना व नसताना, पंखा बंद व चालू, आडोशासह व आडोशाविना, भरलेला डबा व एकतृतीयांश उरलेला डबा. पंख्याचे अंतर व वेग प्रत्येक वेळी सारखे असावेत.

५. प्रत्येक प्रयोग किमान तीन वेळा करून सरासरीबरोबर सर्वांत कमी व सर्वांत अधिक वाचनही नोंदवावे.

उदाहरणार्थ, एक किलो पाणी २५ वरून ९० अंशांपर्यंत तापविण्यास १३ ग्रॅम गॅस लागला असे समजू. पाण्याने घेतलेली उष्णता २७२ किलोज्यूल आणि इंधनातून निघालेली सुमारे ५९४ किलोज्यूल. अर्थात कार्यक्षमता सुमारे ४६ टक्के. दीडशे ग्रॅमच्या अ‍ॅल्युमिनियम भांड्याने घेतलेली उष्णता जेमतेम ९ किलोज्यूल असल्याने प्राथमिक हिशेबात ती सोडून देता येते.

या आकड्यांवरून खरेदीचा निर्णय कसा घ्यावा? समजा, 'अ' हा साधा स्टोव्ह भांड्यासह २०० ग्रॅमचा असून त्याची कार्यक्षमता ४० टक्के आहे. 'ब' हा पट्ट्यांच्या भांड्यासह ३७० ग्रॅमचा असून त्याची कार्यक्षमता ६५ टक्के आहे. २० अंशांचे एक लिटर पाणी उकळण्यास 'अ' सुमारे १८ ग्रॅम व 'ब' सुमारे ११ ग्रॅम गॅस घेईल. म्हणजे १७० ग्रॅमचे अधिक वजन सुमारे २४ लिटर पाण्यानंतर भरून निघेल. दोघांसाठी दररोज ३ लिटर पाणी उकळावे लागत असेल, तर त्यास आठ दिवस लागतील. दोन रात्रींच्या दुर्गभ्रमणाला 'अ' योग्य. बर्फ वितळवावा लागणाऱ्या मोहिमेत मात्र हाच काळ चार दिवसांवर येतो आणि 'ब' हलका ठरतो. दोन्ही स्टोव्ह तेच. उत्तर भ्रमंतीनुसार बदलते. जोराच्या ज्योतीवर वेळ वाचतो, पण बरीच उष्णता भांड्याच्या कडेने वाया जाते; म्हणून केवळ मिनिटे सांगणारा आकडा अनेकदा इंधन अधिक खाणाऱ्या स्टोव्हला झुकते माप देतो.

सुरक्षिततेची कसोटी

कार्यक्षमतेच्या नोंदीत न दिसणारा एक धोका म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. भांडे बर्नरच्या अगदी जवळ असल्यास ज्योत थंड धातूवर आपटून अर्धवट विझते आणि हा रंगहीन, गंधहीन वायू वाढतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने जोडला जातो. अमेरिकी संशोधक रिचर्ड बर्ड हे १९३४ मध्ये अंटार्क्टिकातील एकाकी तळावर शेगडीच्या सदोष धुराड्यामुळे याच विषबाधेने मरणाच्या दारी पोहोचले होते. डोकेदुखी व मळमळ ही त्याची लक्षणे उंचीच्या विकाराशी मिळतीजुळती असल्याने तंबूतील रुग्णाचे निदान चुकू शकते. यास्तव बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये, हा नियम विद्यार्थ्यांना पावसाचे निमित्त सांगूनही मोडू देऊ नये.

याखेरीज स्पिरिटची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. 'विझला' असे समजून पेटत्या स्टोव्हमध्ये स्पिरिट ओतणे हे गंभीर भाजण्याचे नेहमीचे कारण आहे. गॅसचा डबा उन्हात उभ्या केलेल्या बंद वाहनात ठेवू नये. ५० अंशांहून अधिक तापमान त्यास वर्ज्य असते. विमानात असे डबे नेता येत नाहीत, म्हणून हिमालयातील उपक्रमाचे नियोजन करताना तेथे कोणते इंधन मिळणार, हे आधी निश्चित करून मगच स्टोव्ह निवडावा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्टोव्हचे हलकेपण तराजूवर एकदा ठेवून ठरत नाही. ते संपूर्ण प्रवासातील इंधनासह मोजावे लागते. पाणी उकळण्याच्या वेळेपेक्षा प्रतिलिटर इंधन हा अधिक विश्वसनीय निकष आहे आणि तो वाऱ्यात, थंडीत व अर्ध्याअधिक रिकाम्या डब्यावर तपासला पाहिजे. झाकण, आडोसा, वायसर यांसारख्या अल्पमोली वस्तू या निकषावर महागड्या बर्नरइतकाच प्रभाव टाकतात.

महाविद्यालयीन गिर्यारोहण मंडळाने प्रत्येक हंगामाच्या आरंभी आपल्या स्टोव्हची अशी चाचणी घेऊन नोंदवही ठेवल्यास भौतिकशास्त्राचा एक जिवंत पाठ विद्यार्थ्यांना मिळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उंचावर पाणी गोठलेले असताना आपल्याजवळचे इंधन किती जणांना, किती दिवस पुरेल, हे पथकप्रमुखाला अंदाजाने नव्हे, तर स्वतःच्या नोंदवहीवरून सांगता येईल.