हिरवळ : किती ठेवावी, किती कापावी?

ऊस विकास विभागाने हिरवळीवर लेख लिहावा, हे पाहून काही सभासद बंधू हसतील. ज्या हराळीपायी आपल्या आजा-पणजांनी उन्हाळाभर कुदळ चालवली, काशा वेचून बांधावर वाळत घातल्या, तीच हराळी आता विकत आणून लावायची, तिला खतपाणी करायचे आणि वर यंत्राने कापायची! पण काळच तसा आला आहे. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या शिबिराला जाताना सोलापूर रस्त्यावरच्या पाट्या वाचाव्यात. कुठे 'मंगल कार्यालय', कुठे 'लॉन्स'. आपल्याही काही सभासदांनी पुण्याच्या कडेची एक-दोन एकर जमीन लग्नकार्यासाठी हिरवळ करून ठेवली आहे. उसाच्या गप्पा झाल्या की ही मंडळी हळूच विचारतात, "साहेब, मशीन किती नंबरावर लावू?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पैसा आहे आणि त्याहून अधिक पाणी आहे. एक एकर हिरवळीला नुसते ५ मि.मी. पाणी द्यायचे म्हटले तरी २०,००० लिटर लागते, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. हे पाणी रोज द्यावे लागते की चार दिवसांनी, हे पुष्कळसे कापणीच्या उंचीवर ठरते. म्हणून हा विषय घेतला.

पहिली अडचण आपल्याच सवयीची आहे. ऊस जमिनीलगत तोडा, असे आम्ही टोळीच्या मुकादमांना वर्षानुवर्षे सांगत आलो. बुडख्यात साखर जास्त असते आणि खालच्या डोळ्यांतून फुटलेला खोडवा जोमदार येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तोच न्याय आपले सभासद हिरवळीला लावतात. ऊसही गवत, हराळीही गवत, मग खाली घासून कापले तर फुटवा चांगला येईल, असा हिशेब. नाते खरे आहे. दोन्ही एकाच कुळातली आणि दोन्ही उन्हाची भुकेली. ऊस आपल्या पानात अन्न कसे तयार करतो, याचा वेगळा मार्ग १९६६ साली हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे, एका साखर कंपनीच्याच प्रयोगशाळेत उलगडून दाखवला. त्याला 'सी-फोर' पद्धत म्हणतात. आपली हराळीही त्याच पद्धतीने जेवते. म्हणूनच वैशाखात इतर झाडे माना टाकतात तेव्हा पाणी मिळाले तर ही दोघे वाढतात.

पण एक फरक आहे, आणि सगळा घोळ तिथेच होतो. उसाला आपण वर्षातून एकदा कापतो आणि मग पुढले वर्ष त्याला पाने पसरू देतो. हिरवळ वर्षातून तीस-चाळीस वेळा कापली जाते. प्रत्येक वेळी तिचा सगळा पाला काढला तर ती जेवणार कशाने? जमिनीतल्या काशांत साठवलेले अन्न खर्चून ती नवी पाती काढते. दोनदा, चारदा काढते, मग कोठार रिकामे होते. वर पाला नसला की खाली मुळेही थांबतात. अमेरिकेच्या शेतीखात्यातील क्रायडर यांनी १९५५ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. निम्म्याहून अधिक पाला एका वेळी काढला की गवताच्या मुळांची वाढ थांबते, आणि जितका पाला जास्त काढावा तितके मूळ जास्त दिवस थांबून राहते, असे त्यांना आढळले. आखूड मुळाचे गवत वरच्या दोन बोटे मातीतलेच पाणी पिते. ती माती पुण्याच्या एप्रिलात दुपारपर्यंत कोरडी होते. मग रोज टँकर.

यावरून जगभरचे माळी एक नियम पाळतात. एका कापणीत एक-तृतीयांशाहून जास्त पाते काढायचे नाही. आकडेमोड नको असेल तर असे लक्षात ठेवावे की जी उंची ठेवायची, तिच्या दीडपट गवत झाले की यंत्र फिरवायचे. दीड इंच ठेवायची असेल तर सव्वादोन इंचांवर कापायची. पावसाळ्यात ही वेळ आठ दिवसांत येईल, कधी पाचव्या दिवशीही येईल, आणि थंडीत तीन आठवडे येणार नाही. वार ठरवून दर रविवारी यंत्र फिरवणे, हे माळ्याच्या सोयीचे झाले, गवताच्या नव्हे.

आता उंची कोणती? ते जातीवर आहे. साधी हराळी, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा, एक ते दोन इंच. कार्यालयाच्या हिरवळीला आमची शिफारस दीड इंचाची. मोजपट्टी हाताशी नसेल तर आगपेटी आडवी कडेवर उभी करावी, तिची उंची साधारण तेवढीच भरते. बारीक पानांच्या सुधारित जाती अर्ध्या इंचापासून दीड इंचापर्यंत चालतात, पण अर्ध्या इंचावर ठेवायच्या तर आठवड्यातून दोन-तीनदा कापण्याची आणि जमीन फळीसारखी सपाट राखण्याची तयारी हवी. सेंट ऑगस्टिन जातीचे रुंद पानांचे गवत अडीच ते चार इंच मागते. ते अर्ध्या सावलीतही निभावते, मात्र खाली कापले की संपते. कोरियन गवत इतके सावकाश वाढते की पुष्कळदा त्याला कापतच नाहीत. त्याचे उंचवटे झालेलेच लोकांना आवडतात. आमचे मत विचाराल तर त्यावर खुर्च्या मांडण्यासारखा दुसरा वेडेपणा नाही.

गोल्फच्या मैदानाचे उदाहरण हमखास दिले जाते. "तिकडं गालिच्यागत असतंय, मग आपलं का नको?" गोल्फच्या भोकाभोवतालची हिरवळ जगभर ३ ते ४ मि.मी.वर ठेवतात हे खरे. पण ती खास ठेंगणी जात असते, खाली वाळूचा थर असतो, कापणी जवळजवळ रोज असते आणि तिच्यामागे पगारी माणसे असतात. त्याच खेळाच्या मैदानाच्या कडेला गवत किती उंच ठेवलेले असते, तेही पाहावे. उलट घोड्यांच्या शर्यतीच्या पट्ट्यावर गवत साधारण चार इंच ठेवतात, कारण टापेखाली गादी लागते. पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यती पावसाळ्यात सुरू होतात, त्यामागे गवताचाही विचार असावा असे आम्हाला वाटते. सांगायचे इतकेच की उंची कामावर ठरते, शोभेवर नव्हे.

फार वाढवणेही बरे नाही. हराळी तीन इंचांच्या पुढे गेली की हिरवेपणा फक्त शेंड्याला राहतो, खाली नुसत्या पिवळ्या काड्या. मग कधीतरी यंत्र खाली आणले की जमिनीवर टक्कल दिसते.

आमच्या एका सभासदाकडे हेच झाले. दोन एकरांची हिरवळ, डिसेंबरातले लग्न, पाहुणा तालेवार. दिवाळीपासून कापणी झालेली नव्हती, गवत तीन इंच. कापणीवाला म्हणाला, "झिरो मारून देतो, कार्पेट दिसेल." संध्याकाळी पाहिले तर दोन एकर तांबूस काड्या! पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १०-१२ अंशांवर येतो आणि त्या थंडीत हराळी जवळजवळ झोपलेली असते. लग्नाला बारा दिवस. सभासद धावत गट ऑफिसला आले. "साहेब, युरिया मारू का?" आम्ही नको म्हटले. झोपलेल्याला जेवण वाढून उपयोग काय? हलके पाणी द्या, वर्दळ थांबवा आणि यंत्राला कुलूप घाला. लग्न हिरव्या मॅट अंथरून पार पडले. मॅटचे भाडे गेले आणि पाहुण्याने ठरल्या रकमेतून काही कापून घेतले ते निराळेच. हिरवळ जाग्यावर आली ती होळीच्या सुमारास. मधल्या काळात उघड्या पडलेल्या मातीतून लव्हाळा वर आला. लव्हाळा म्हणजे काय, हे उसवाल्याला सांगायला नको.

खाली कापायचेच असेल तर त्याला वेळ आहे, आणि आपल्या पंचांगाने ती आयतीच दिलेली आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्ये नसतात. नेमका तोच हराळीच्या वाढीचा काळ. जूनअखेर पाऊस लागला, शेवटचा मुहूर्त उरकला, की एकदा जमिनीलगत कापून जुन्या काड्यांचा थर दाताळ्याने ओढून काढावा, खुर्च्यांच्या पायांनी पडलेले खळगे बारीक मातीने भरावेत आणि खताचा हप्ता द्यावा. तीन-चार आठवड्यांत नवी चादर येते. ढगाळ दिवसांत ऊन कमी मिळते म्हणून उंची दीड इंचाखाली आणू नये. ऑक्टोबरात हळूहळू पावणेदोनवर न्यावी आणि थंडीत तिथेच ठेवावी. पानावर पान असले की माती उबदार राहते. एप्रिल-मेमध्ये पाणी ताणले तर दोन इंचही चालतील. पाहुण्यांना त्या पाव इंचाचा फरक कळत नाही, टँकरच्या बिलाला कळतो.

झाडाखाली मात्र वेगळे धोरण. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीतले पुष्पप्रदर्शन पाहायला सभासद जातातच. तिथे फुले पाहून झाल्यावर मोठ्या वृक्षांखाली नजर टाकावी. गर्द सावलीत हराळी कुठेही विरळच होते, कारण ती उन्हावर जगणारी. अशा जागी उंची अर्ध्या इंचाने वाढवावी, नाहीतर सावलीत टिकणारी जात लावावी. ती बाग चालवणारी संस्था १८३० सालची. गंमत अशी की गवत कापण्याच्या यंत्राचा जन्मही १८३० चाच. इंग्लंडात बडिंग नावाच्या कारागिराने कापडगिरणीत कापडाची लव कातरणारे यंत्र पाहून ते बनवले. त्याआधी सगळे विळ्यानेच चालत असे.

यंत्राबद्दल दोन शब्द. एक इंचाच्या खाली कापायचे तर गोल रिळाचे यंत्रच हवे, त्याने पाते कात्रीसारखे कापले जाते. खाली पाते फिरणारे साधे यंत्र दीड-दोन इंचांना पुरते, मात्र पात्याला धार पाहिजे. बोथट पात्याने शेंडे फाटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळी हिरवळ पांढरट दिसते. मग मालक म्हणतो, रोग पडला. कापलेले बारीक गवत गोळा करू नये. पाचट जाळू नका म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, त्यातलेच हे. ते जागीच कुजते आणि नत्र परत देते. लांब कापले गेले असेल तर मात्र झाडून उचलावे, नाहीतर खालचे गवत गुदमरते.

यंत्रावरच्या नंबरावर विश्वास ठेवू नये, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा. यंत्र फरशीवर उभे करावे, स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी आणि फरशीपासून पात्याच्या धारेपर्यंत पट्टीने मोजावे. मग जी इंचाची खूण येईल ती यंत्राच्या दांड्यावर रंगाने करून ठेवावी, म्हणजे माळी बदलला तरी उंची बदलणार नाही.